एका सहीपुरता नवरा

लालबाग, मुंबई
रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

आक्का, जयभीम.

अक्षर तुझ्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगते, मी रखमा. हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. गिरणीच्या वेल्फेअर सेंटरात बायकांचा वर्ग भरतो. तिथं तीन वर्षं बसले आणि लिहायला शिकले. तू मात्र हे पत्र गुरुजींकडे वाचायला नेऊ नकोस. लतिका आता सतरा वर्षांची असेल. तिला शाळेत घातली असशील तर तिच्याकडून वाचून घे.

तुला बघून सव्वानऊ वर्षं झाली. मी धाडलेल्या दोन मनिऑर्डरी परत आल्या. तिसरी धाडली नाही, कारण परत आलेले पैसे हातात घेताना पोस्टमन तोंडाकडे बघतो. भावजी कसे आहेत? लहानग्याचं नाव काय ठेवलंत तेही मला ठाऊक नाही. आम्ही इकडे डिसेंबरात दादरला दीक्षा घेतली. भिंतीवरचे देव उतरवले, तर त्यांच्या जागी भिंत पांढरी दिसते. गावात काय झालं ते कळव.

माझं म्हणशील तर जिवंत आहे. डावा पाय गेला आहे. कापला नाही गं, सुजला आहे. सात वर्षांपूर्वी थंडी वाजून ताप आला, जांघेत गाठ आली आणि पाय फुगला. ताप उतरला, पाय काही उतरला नाही. आता गुडघ्याखाली नुसता उखळाएवढा झाला आहे. नऊवारीखाली झाकते, पण चाल कुठं झाकणार? दर महिन्याला ताप येतो, कातडी फुटते, पाणी गळतं. पाला बांधून झाला, अंगारा लावून झाला, इंजेक्शनं घेऊन झाली. चाळीतल्या पोरी मला हत्तीणमावशी म्हणतात. पहिल्यांदा रडले होते, आता ओ देते.

मागच्या वर्षी जानेवारीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा सगळा रस्ता पळाला. मला पळता येईना, म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. बंदूकवाला शिपाई माझ्याकडे बघून पुढं गेला. नायकीण राधाबाई म्हणते, पायानं तुला वाचवलं. राधाबाई म्हणजे आमच्या वाइंडिंग खात्यातली बायकांवरची मुख्य, तुला आठवत असेल. मला त्या दिवशी वाचल्याचं काही वाटलं नाही. पाय दुखत होता एवढंच.

आता सांगतात की या पायाचं ऑपरेशन होतं. सुजलेलं मांस कापून काढायचं आणि मांडीची कातडी सोलून वर लावायची. ऐकूनच मला घाम फुटला. गिरगावात एक मोठे डॉक्टर करतात, त्यांच्याकडे गेले होते. आठशे रुपये म्हणाले, खोलीचं भाडं वेगळं. आठशे रुपयांत आमच्या चाळीत दोन लग्नं होतात, वर जेवणावळ. त्यांना नमस्कार करून जिना उतरले. उतरायला अर्धा तास लागला.

पण गिरणीकामगारांना आता सरकारी विमा आहे. त्याच्या कार्डावर परळच्या इस्पितळात हेच ऑपरेशन फुकट होतं. कार्ड माझ्याजवळ आहे. त्यावर नाव तुझं आहे. गिरणीत मी अजून बकुळाच आहे, आक्का.

त्यावरून तुझ्याकडे एक काम निघालं आहे. ते आज लिहायचं धाडस होत नाही.

रखमा


लालबाग
रविवार, १० मार्च १९५७

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी पोस्टमनची वेळ झाली की दारात बसत होते.

इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती निवडून आली. चाळीत गुलाल, मशाली, घोषणा. मी गॅलरीतून बघितलं. मोर्च्याला गेले नाही म्हणून बायका मला टोचतात. राधाबाईनं त्यांना गप्प केलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बकुळे, आता तुजं मी झाकून झाकून किती झाकू? पायाचा वास येतो, बाया कंप्लेंट करतात. पावसाच्या आदी कायतरी कर, न्हायतर खात्यातनं नाव जाईल. मग माज्याकडं बगू नको." वाईट बाई नाही ती. खरं तेच बोलली. पावसाळ्यात हा पाय कुजतो. मागच्या वर्षी त्यात अळ्या झाल्या होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता काम सांगते. रागावशील. रागाव, पण पुरं वाच.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि करतो म्हणाले. अशा पायाला अर्धा दिवस जातो, म्हणून महिन्यात एकच घेतात, तोही मंगळवारी. माझा नंबर मे महिन्यात लागला. मी खूश होऊन खिडकीवर गेले. तिथल्या कारकुनानं कार्ड बघितलं. त्यावर लिहिलंय, बकुळा राजाराम, विवाहित.

"नवरा आहे का?"

मी म्हटलं, "हाय."

"मग त्याची सही पाहिजे. पाच-सहा तास भूल द्यायची, रक्त जातं, बाई दगावली तर जबाबदार कोण? नवऱ्याला घेऊन या. सही नसेल तर नंबर कट."

विम्याचे फॉर्म भरले तेव्हा गिरणीत एक साहेब टेबल टाकून बसला होता. त्यानं मस्टर बघून नाव वाचलं आणि मी मान हलवली. नवऱ्याचं नाव वाचलं, त्यालाही मान हलवली. माझा नवरा कॉलऱ्यानं जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्या वेळी वाटलं, नाव घेतलंच आहे तर कुंकू कशाला सोडा. आम्हा बदलीवाल्यांची अक्कल एवढीच. एकाच्या तिकिटावर दुसरा राबतो, अर्धी गिरणी अशीच चालते. हजेरी लागली, पगार मिळाला की झालं. नावाला कधी आजारपण येईल, त्याच्या नवऱ्याला कुणी बोलावणं धाडील, हे कुणाच्या डोक्यात येतं?

शेजारचा रघु म्हणाला, "वयनी, एका सहीपुरता मी होतो नवरा. दोघी हायतच घरात, तिसरी काय जड हाय?" त्याच्या दोघींनी त्याला लाटणं दाखवलं. हसले मी. पण ते मला नको आहे. एका खोट्याला सांभाळता सांभाळता दहा वर्षं गेली, आता त्याच्यावर दुसरं रचायची ताकद नाही. आणि सही करायला खरा माणूस जिवंत असताना भाड्याचा का आणू?

भावजींना एक दिवस पाठव. बोटीचं भाडं मी धाडते. त्यांनी माझं तोंडसुद्धा बघू नये. खिडकीवर सही करावी आणि आल्या बोटीनं परत जावं. मे अखेर बोटी बंद होतात, त्याच्या आत.

तुझं नाव घेतलं, आता नवरा मागते. लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण पाय तर आहे ना.

रखमा


लालबाग
रविवार, २१ एप्रिल १९५७

आक्का,

तुझं कार्ड पोचलं. लतिकाचं अक्षर सुरेख आहे. चारच ओळी. "आई सांगते, बाबा वारले. दोन वर्षं झाली. त्यांना कावीळ झाली होती. कुणाला पाठवू?"

मी ते कार्ड घेऊन खाली बसले ती बसलेच. शेजारची गंगुबाई आली, तिनं चूल पेटवून दिली. मेलेल्या माणसाची सही मागितली मी तुझ्याकडे. तुझ्या दारात येऊन रडायचं सोडून बोटीचं भाडं धाडते म्हणाले. भावजींनी मला पहिल्यांदा मुंबईत आणलं तेव्हा धक्क्यावर उतरल्याबरोबर पावाबरोबर चहा पाजला होता. मी पाव बुडवायचा असतो हे माहीत नसल्यामुळे कोरडाच खात होते, तर ते हसले नाहीत, स्वतःही कोरडा खाऊ लागले. असा माणूस.

मी कुंकू पुसलं. राधाबाईनं विचारलं तर म्हटलं, माझा नवरा वारला. तिनं माझ्या गळ्यात पडून आक्रोश केला. अख्ख्या खात्यानं एक दिवसाचा चहा सोडून मला वर्गणी दिली. दोनदा विधवा झाले बघ, एकदा माझ्या नावानं आणि एकदा तुझ्या. तुझं दुःख वाटून घ्यायची ही काय रीत झाली! ती वर्गणी वेगळी बांधून ठेवली आहे. ती तुझी आहे.

आता माझं खोटं सांगायचं राहिलं, ते सांगते. लतिका, तू वाचत असशील तर इथे थांबू नकोस. आईला सगळं वाचून दाखव. तूही तिथं होतीस.

तू बाळंतपणाला गावी गेलीस तेव्हा तुझं गिरणीचं हजेरीचं तिकीट माझ्या हातात दिलंस. "सहा महिने सांभाळ, मी आले की परत दे," म्हणालीस. मी हो म्हटलं. तू आलीस ती वर्षानं, सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी गेटवर उभी होतीस, लतिका हाताशी आणि लहानगा कडेवर. मला हाक मारलीस, "रखमे!" सगळ्या बाया वळल्या. राधाबाई तेव्हा नवीनच नायकीण म्हणून आलेली, तुला तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं विचारलं, "ही कोण गं? रखमा कुणाला म्हणते?"

मी म्हटलं, "माझी धाकटी भैन. रखमा तिचंच नाव. बाळंतपणात डोक्यावर परिणाम झालाय, सगळ्यास्नी आपल्या नावानं हाक मारते."

गेटवरच्या भय्यानं तुला हाताला धरून बाजूला काढलं. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मला बरं झालं असतं. लतिका रडत होती. मी आत गेले आणि दिवसभर काम केलं. त्या दिवशी माझ्या हातून एक धागासुद्धा तुटला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

आजवर स्वतःला सांगत आले की तुला नवरा होता, गावी वाट्याची जमीन होती, मला कोण होतं? विधवा बाईनं जायचं कुठं? ते खरं होतं. पण तू मागितलं असतंस तर आपण दोघींनी पाळी वाटून घेतली असती, हेही खरं होतं, आणि ते मला त्याच सकाळी ठाऊक होतं.

आता दर रविवारी चाळीच्या चौकात पंचशील म्हणतात. शाळेतले मास्तर अर्थ सांगतात, दुसऱ्यानं दिलेलं नाही ते मी घेणार नाही. सगळे मोठ्यानं म्हणतात. मी त्या ओळीला तोंड मिटते. पुढच्या ओळी म्हणते, मग खोटं न बोलण्याची ओळ येते, तिथंही मिटते. गंगुबाईला वाटतं मला पाली येत नाही.

तू विचारलंस कुणाला पाठवू. कुणाला नको. मागण्याचा हक्क मी त्या गेटवरच घालवला.

रखमा


लालबाग
रविवार, १२ मे १९५७

आक्का,

थोडंच लिहिते, ताप आहे.

कारकुनाला नवरा वारल्याचं सांगितलं. तो म्हणाला, मग रक्ताच्या नात्याचं कुणी आणा, भाऊ, बहीण, सज्ञान मुलगा. नाहीतर वीस तारखेला संध्याकाळी नाव काढतो, मागे बारा माणसं उभी आहेत. त्याचंही चुकत नाही. बारा माणसं मी स्वतः बघितली, त्यातल्या एकाचे दोन्ही पाय तसे आहेत.

पुन्हा गिरगावच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथं माझ्या खऱ्या नावानं, माझ्या जबाबदारीवर होईल का विचारलं. होईल म्हणाले, आठशेचे सातशे केले. माझ्याजवळ फुटक्या मण्यांसकट सगळं विकून एकशे नव्वद होतात. भावजींच्या वर्गणीला हात लावलेला नाही.

राधाबाई रोज विचारते, तुझी ती वेडी बहीण कुठं असते, तिला आण की. मी म्हणते, ती वेडी नाही. ती म्हणते, मग आण.

तुला बोलावत नाही. माझी तेवढी लायकी नाही आणि तुला शेतात राबाची भाजणी असेल. तरी कळवून ठेवते, मंगळवार, २१ मे, सकाळी साडेसात. इस्पितळाची बायकांची इमारत मागच्या अंगाला आहे. मागत नाही म्हणते आणि वार-वेळ लिहिते. अशीच आहे मी, तुला काय सांगायचं.

काही झालं तर कागदावर बकुळा मरेल. तुला पुढे त्रास होऊ नये म्हणून सगळं खरं एका कागदावर लिहून गंगुबाईकडे दिलं आहे.

रखमा


लालबाग
रविवार, ८ सप्टेंबर १९५७

आक्का,

पाय आहे. मीही आहे.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण अडीच महिने पाठीवर होते आणि नंतर हिंमत नव्हती. मांडी जास्त दुखली, पायापेक्षा. कातडीचा एक तुकडा धरला नाही, तिथं पुन्हा लावला. पट्टी बदलायचे तेव्हा मी सगळ्या वॉर्डाला शिव्या ऐकवल्या. आता पाय बारीक झाला आहे. देखणा नाही, करपलेल्या भाकरीसारखा दिसतो. पण ताप गेला, गळणं गेलं, आणि गेल्या सोमवारी मी चप्पल घालून जिना उतरले. गंगुबाईनं सगळ्या मजल्याला बोलावून दाखवलं. डॉक्टर म्हणतात, जन्मभर पट्टी बांधायची आणि आठ आठ तास उभं राहायचं नाही. सूज परत येऊ शकते.

म्हणजे वाइंडिंग खातं संपलं. याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. फक्त थकले आहे.

आता एक सांगते. राधाबाईला मी घरी बोलावून सगळं सांगितलं, गेटवरचंसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या खात्यात निम्म्या बायका दुसऱ्याच हायत, मला काय म्हाईत न्हाय? पर तुजं वंगाळ होतं." मग स्वतःच म्हणाली की कामगार बाई आजारपणानं सुटली तर तिच्या मुलीला आधी घेतात. बकुळा राजारामची मुलगी लतिका. यात एक अक्षर खोटं नाही. लतिकाला यायचं असेल तर पाठव, माझ्या खोलीत राहील, मी तिला रांधून घालीन. पुढे शिकायचं असेल तर तेही चांगलं, परळला रात्रशाळा आहेत. दोन्ही नको असेल तर तिकीट राधाबाईच्या हातात देते आणि मोकळी होते. आता ते मी ठेवत नाही. फंडाचे पैसे तुझ्या नावावर आहेत, ते तूच येऊन अंगठा लावून घे.

आता राहिलेलं लिहिते. हे मुद्दाम शेवटी ठेवलं.

वीस तारखेच्या संध्याकाळी कारकून वॉर्डात येऊन सांगून गेला की सही नाही, उद्या तुमचं होणार नाही. मी गाठोडं बांधून ठेवलं. सकाळी सहाला नर्सनं येऊन इंजेक्शन दिलं, तर मला वाटलं राधाबाईनं कुणाला तरी उभं केलं असेल. विचारायची शुद्ध राहिली नाही. पुढंही कुणाला विचारलं नाही. खरं सांगू, भीती वाटली.

काल पट्टी बदलायला गेले होते. फ्लॉरेन्स म्हणून नर्स आहे, गिरगावची, ख्रिस्ती, तोंडानं फटकळ आणि हातानं हलकी. ती म्हणाली, "बकुळाबाय, तुझी बहीण परत आली नाय गो?"

मी म्हटलं, कुठली बहीण?

मग तिनं सांगितलं. वीस तारखेला सगळे दिवे लागल्यावर तू धक्क्यावरून चालत आलीस. खिडकी बंद झाली होती. तू फाटकाशी बसून राहिलीस. फ्लॉरेन्सनंच पहाटे तुला आवारातच राहणाऱ्या कारकुनापाशी नेलं. त्यानं विचारलं, "तुम्ही कोण?"

तू म्हणालीस, "रखमा. हिची धाकटी बहीण."

"हिचा नवरा?"

"वारला."

"अंगठा लावा."

आणि तू लावलास, आक्का. बकुळाच्या कागदावर रखमा म्हणून.

फ्लॉरेन्स म्हणते, तू ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर साडेसातपासून दीडपर्यंत बसलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मला बाहेर आणलं तेव्हा चादर वर करून पट्टीच्या टोकाला दिसणारी बोटं हातात धरलीस आणि तिला विचारलंस, "बोटं गार का?" ती म्हणाली, होतील गरम. तू ती गरम होईपर्यंत धरून ठेवलीस. मग बोट गाठायची म्हणून निघालीस. मी जागी होण्याची वाट बघितली नाहीस. बरं केलंस. तुझ्याकडे बघायला मला डोळे कुठले होते?

फ्लॉरेन्स पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "एक बोलू? तुझी धाकटी बहीण तुझ्यापरीस म्हातारी दिसते गो."

मी म्हटलं, "हो. तिच्या वाटचं मी खाल्लं."

तुझी धाकटी,
रखमा